बानतलाचं दार: पूर्व कोलकात्याच्या सांडपाण्याचा हिशेब

शहर नियोजनाची चर्चा बहुतेक वेळा रस्ते, मेट्रो आणि एफएसआयपाशी (भूखंडावर किती बांधता येतं त्या प्रमाणापाशी) सुरू होते आणि तिथंच संपते. शहर रोज किती खातं, किती पितं आणि त्याचं पुढं काय होतं, हे विचारायची पद्धत नाही. १९६५ साली एबल वोल्मन या अमेरिकन स्वच्छता-अभियंत्याने हा हिशेब मांडला. त्याने दहा लाख वस्तीचं एक काल्पनिक अमेरिकन शहर घेतलं. त्यात रोज ६,२५,००० टन पाणी, २,००० टन अन्न आणि ९,५०० टन इंधन येतं. बाहेर ५,००,००० टन सांडपाणी, २,००० टन कचरा आणि ९५० टन हवेतली प्रदूषकं पडतात. ‘शहराचा चयापचय’ ही कल्पना नियोजनाच्या क्षेत्रात रुजली ती या आकडेवारीनंतर.

आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. वजनाच्या भाषेत बोलायचं तर शहर म्हणजे मुख्यतः पाणीच. बाकी सगळं त्यापुढे किरकोळ. त्यामुळे एखाद्या शहराचा चयापचय समजून घ्यायचा तर त्याच्या सांडपाण्याचा माग काढावा. इथे घेतलेलं प्रकरण कोलकात्याचं आहे, कारण या शहराच्या मुख्य भागातलं सांडपाणी कित्येक दशकं एकाही मोठ्या यांत्रिक प्रक्रिया केंद्राविना निभावलं गेलं आणि वर त्यातून मासे निघाले. या व्यवस्थेचं कौतुक भरपूर झालं आहे. ती नेमकी कशावर चालते आणि कुठे अडते, याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेलं.

नदीकडे पाठ

कोलकाता हुगळीच्या पूर्व काठावर वसलं, पण शहराचा उतार नदीकडे नाही. नदीने वर्षानुवर्षं टाकलेल्या गाळाने काठ उंच झाला आणि जमीन तिथून पूर्वेकडे उतरत गेली. पिण्याचं पाणी हुगळीचं, त्यामुळे मैलाही त्याच नदीत सोडायला नको हे इंग्रज अभियंत्यांना कळत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुयारी गटारं बांधली गेली तेव्हा सगळं घाण पाणी पूर्वेला, खाऱ्या तळ्यांच्या आणि बिद्याधरी नदीच्या दिशेने वळवण्यात आलं. बिद्याधरीला भरती-ओहोटी होती. ओहोटीबरोबर घाण समुद्राकडे जाईल असा अंदाज होता.

तो काही दशकं खराही ठरला. पण वरून येणारं गोडं पाणी तुटत गेलं, काठच्या बांधांमुळे भरतीच्या पाण्याला पसरायला जागा उरली नाही आणि गाळ पात्रातच बसत राहिला. १९२८ मध्ये सरकारने बिद्याधरी मृत झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे लाखो लोकांच्या शहराचं सांडपाणी वाहून नेणारी वाटच बंद पडली.

त्याच सुमारास खाऱ्या तळ्यांत मासेमारी करणाऱ्यांचंही पाणी आटलं. भरतीचं पाणी येईना, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी शेजारून वाहणारं शहराचं गटाराचं पाणी तळ्यात घेऊन पाहिलं. १९३० च्या आसपास हा प्रकार मूळ धरू लागला. या तळ्यांना तिथे भेरी म्हणतात. कुठल्याही आराखड्यात ही कल्पना नव्हती. शहराची अडचण आणि मच्छीमारांची अडचण शेजारी शेजारी होत्या, एवढंच.

नियोजन आलं ते नंतर. कोलकाता महापालिकेचे मुख्य अभियंता डॉ. बी. एन. डे यांनी बिद्याधरीऐवजी आणखी पूर्वेच्या कुल्टी नदीत पाणी सोडायची योजना आखली. सुमारे तीस किलोमीटर लांबीचे दोन समांतर कालवे: एक कोरड्या दिवसांतल्या मैलापाण्याचा, दुसरा पावसाच्या पाण्याचा. १९४३ मध्ये योजना सुरू झाली. शहरातून पामर ब्रिज, बालीगंज, तोपसिया अशा पंपिंग स्टेशनांवरून पाणी उचलून या कालव्यांत टाकायचं आणि पुढे ते उताराने वाहायचं. वाटेत बानतला इथे दारं बसवलेली आहेत. तिथे कालव्यातली पातळी पुरेशी उंच राखली, तर आजूबाजूच्या भेऱ्यांना पंपाशिवाय पाणी मिळतं. पुढचं सगळं प्रकरण या पातळीभोवती फिरतं.

भेरीच्या आत

भेरी उथळ असते. खोली साधारण अर्धा ते दीड मीटर. हा उथळपणा महत्त्वाचा, कारण ऊन तळापर्यंत किंवा जवळपास तिथवर पोचायला हवं.

हंगामाची सुरुवात हिवाळ्यात होते. तळं उपसून तळ उघडा पाडतात, उन्हात तापवतात, गाळ काढतात, चुना मारतात. मग मैलापाणी आत घेतात आणि थांबतात. दोन-तीन आठवडे त्या पाण्यात मासा सोडत नाहीत. या काळात जिवाणू मैल्यातले सेंद्रिय पदार्थ फोडतात. त्यातून कर्बवायू, नत्र आणि स्फुरद मोकळं होतं. ते खाऊन सूक्ष्म शेवाळ वाढतं, आणि शेवाळ दिवसभर उन्हात प्राणवायू सोडतं, जो पुन्हा जिवाणूंच्या कामी येतो. यांत्रिक केंद्रात हवा भरायला वीज जाळावी लागते. इथे ते काम शेवाळ करतं. दुपारी शेवाळाचा जोर असतो तेव्हा पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वर चढतो. हा चढलेला सामू आणि ऊन मिळून आतड्यांतल्या रोगजंतूंचा मोठा हिस्सा मारतात.

पाण्याचा काळपट रंग जाऊन हिरवट आला, वास गेला, की पाणी तयार. मग रोहू, कटला, मृगळ, सिल्व्हर कार्प, तिलापिया यांचं बीज सोडतात. त्यानंतर मैलापाणी एकदम न घेता थोडं थोडं, ठरावीक दिवसांच्या अंतराने घेतात. इथे कसब लागतं. जास्त घेतलं तर शेवाळ बेसुमार वाढतं, रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेतं, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. कमी घेतलं तर शेवाळ वाढत नाही आणि मासा उपाशी राहतो. पाण्याचा रंग आणि पहाटेची माशांची हालचाल बघून आज किती पाणी घ्यायचं ते ठरवणारा माणूस म्हणजे या व्यवस्थेचा चालक. मासा शेवाळ आणि सूक्ष्म जीव खाऊन त्यांना आटोक्यात ठेवतो, म्हणून पाणी कुजत नाही. कडेला जलपर्णीचा पट्टा राखतात. लाटांनी बांध खचत नाही आणि काही जड धातू तिच्या मुळांत अडकतात. भेरीतून बाहेर पडलेलं पाणी पुढे भातशेतीला जातं, आणि पश्चिमेला धापा या शहराच्या कचराभूमीतल्या कचऱ्यावर भाजीपाला पिकतो.

ढोबळ गणित

ही व्यवस्था शहराला किती पुरते? रोजचं सांडपाणी ७५ कोटी लिटर धरू. हा आकडा या पाणथळीच्या, म्हणजे भेऱ्या आणि त्यांच्या आजूबाजूच्या सखल भागाच्या, संदर्भात वर्षानुवर्षं दिला जातो, आणि प्रत्यक्ष प्रवाह आता त्याहून जास्त असणार. ७५ कोटी लिटर म्हणजे साडेसात लाख घनमीटर. उष्ण प्रदेशातली मासे पोसणारी तळी दर हेक्टरी दिवसाला साधारण १० ते २० किलो बीओडी पचवतात, म्हणजे तेवढ्या प्राणवायूची मागणी करणारी घाण. कोलकात्याचं पाणी पातळ आहे असं समजून लिटरला १०० मिलिग्रॅम बीओडी धरली, तर रोजची घाण ७५,००० किलो होते आणि वरच्या मर्यादेने ती पचवायला ३,७५० हेक्टर पाणी लागतं. पाणी दुप्पट घट्ट असेल तर ७,५०० हेक्टर.

पूर्व कोलकात्याच्या पाणथळीचं एकूण क्षेत्र सुमारे १२,५०० हेक्टर आहे, पण त्यात शेती, वस्त्या, कचराभूमी सगळं आलं. भेऱ्या आहेत अडीचशेच्या आसपास, आणि त्यांचं प्रत्यक्ष पाणी एकूण क्षेत्राच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे व्यवस्थेत शिल्लक क्षमता फार नाही. दर शंभर हेक्टर बुजवले की पचनशक्ती तेवढी कमी. आणि सगळं मैलापाणी भेऱ्यांत जातच नाही; बराच भाग कालव्याने सरळ कुल्टीला लागतो.

वाचते किती? नेहमीच्या यांत्रिक पद्धतीने घनमीटरमागे साधारण ०.३ ते ०.६ युनिट वीज लागते. साडेसात लाख घनमीटरला रोज सव्वादोन ते साडेचार लाख युनिट. यात केंद्र बांधायचा खर्च, गाळ हलवायचा खर्च, माणसं काहीच धरलेलं नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात ही बचत कुठेच दिसत नाही, कारण न झालेला खर्च लिहायला रकाना नसतो.

आता एक गणित असं, जे या व्यवस्थेच्या चाहत्यांना फारसं आवडणार नाही. शहराने अन्नातून घेतलेलं पोषण मासे होऊन परत शहराच्या ताटात येतं, वर्तुळ पूर्ण होतं, असं सांगितलं जातं. ऐकायला छान वाटतं. भारतीय आहारावर जगणारा माणूस वर्षाला साधारण पावणेतीन किलो नत्र बाहेर टाकतो. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीत ४५ लाख लोक होते. म्हणजे वर्षाला बारा हजार टनांवर नत्र. भेऱ्यांतून वर्षाला दहा हजार टनांच्या घरात मासे निघतात. ताज्या माशाच्या वजनात नत्र अडीच-पावणेतीन टक्के. म्हणजे माशांतून परत येतं अडीचशे ते पावणेतीनशे टन. शहराने टाकलेल्या नत्राच्या सुमारे दोन टक्के. बाकीचं हवेत उडतं, गाळात बसतं, भातात जातं किंवा कुल्टीतून समुद्राला मिळतं.

म्हणून वर्तुळाची गोष्ट जरा बाजूला ठेवावी. मासा हे इथलं मुख्य उत्पादन असलं तरी शहराच्या दृष्टीने तो मजुरी आहे. मासा विकला जातो म्हणून कुणीतरी पहाटे उठून पाण्याचा रंग बघतं, बांध दुरुस्त करतं, जलपर्णी आवरतं. शहर या लोकांना सांडपाणी साफ करायचा एक पैसा देत नाही. तो पैसा मासा देतो. माशाचा धंदा परवडेनासा झाला की पाणी साफ करणारं कुणी उरत नाही, आणि त्यानंतर रिकाम्या भेरीच्या जमिनीकडे बिल्डर बघू लागतो.

जमीन वाचवण्याची लढाई

जमीन जायला सुरुवात झाली ती बिल्डरांपासून नव्हे, सरकारपासून. १९६० च्या दशकात मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या कल्पनेतल्या नव्या उपनगरासाठी उत्तरेकडच्या तळ्यांत भर घालण्यात आली. काम एका युगोस्लाव कंपनीने केलं: हुगळीच्या तळाचा गाळ पाण्यात कालवून पाइपांतून आणला आणि तळ्यांत ओतला. तेच आजचं सॉल्ट लेक, म्हणजे बिधाननगर. त्या काळच्या नियोजनाच्या दृष्टीने तळं ही पडीक जमीन होती आणि उपनगर हा विकास, त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. पुढे ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपास आला आणि शहर पाणथळीच्या उंबरठ्यावर येऊन बसलं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने ध्रुवज्योती घोष या अभियंत्याला शहराच्या सांडपाण्याचं काय होतं ते शोधायला लावलं. घोष कालव्यामागून चालत गेले आणि त्यांना भेऱ्या सापडल्या. अर्थात त्या कुणी लपवलेल्या नव्हत्या; तिथल्या हजारो कुटुंबांना त्या माहीतच होत्या. सरकारी कागदावर मात्र त्या मैलापाणी साफ करणारी व्यवस्था म्हणून कुठेच नव्हत्या. घोष यांनी हद्द आखली, नकाशे केले आणि पुढची जवळजवळ चार दशकं, २०१८ मध्ये निधन होईपर्यंत, हाच विषय लावून धरला. १९९० मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘ग्लोबल ५००’ सन्मान मिळाला.

त्यांचे नकाशे लवकरच कोर्टात कामी आले. पाणथळीत मोठं व्यापारी केंद्र उभारायचा बेत निघाला तेव्हा ‘पब्लिक’ या नागरिकांच्या संस्थेने उच्च न्यायालयात धाव घेतली. १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी या क्षेत्रातल्या जमिनीचा वापर बदलायला मनाई केली. १९ ऑगस्ट २००२ रोजी पाणथळीचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, समावेश झाला. २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला आणि व्यवस्थापनासाठी प्राधिकरण नेमलं. या सगळ्याचं मोल कमी नाही. हा निकाल आला नसता तर आज लिहायला पाणथळ उरलीच नसती. कायदा झाल्यावरही भर घालणं, बेकायदा बांधकामं आणि त्यांवरून खटले चालूच राहिले, पण निदान ते बेकायदा ठरले.

तरी या लढाईत एक मेख राहिली. न्यायालय, रामसर आणि कायदा या तिघांचा भर जमिनीवर. नकाशावर रेघ ओढून तिच्या आत काय बांधायचं नाही ते ठरलं. त्या रेघेच्या आत पाणी किती, केव्हा आणि कोणत्या पातळीला यायचं, याची तशी रेघ कुणी ओढली नाही.

पातळी कुणाची

बानतलाच्या दारापाशी दोन गरजा समोरासमोर येतात. भेऱ्यांना पातळी वर हवी, म्हणजे पाणी उताराने आत शिरतं. शहराला पातळी खाली हवी, म्हणजे पंपिंग स्टेशनांमागे पाणी तुंबत नाही आणि पहिल्या जोरदार सरीला रस्त्यांवर गुडघाभर पाणी चढत नाही. त्यात पलीकडे कुल्टीला भरती असते. शेवटची दारं ओहोटीतच उघडता येतात, त्यामुळे कालव्यात पाणी धरून ठेवायलाही मर्यादा आहे. पावसाळ्यात पातळी खाली करा म्हणणारा माणूस चुकीचं बोलत नाही. अडचण कोरड्या महिन्यांत येते. हंगाम सुरू करताना भेरीला पाणी हवं असतं तेव्हाही पातळी खालीच राहिली, तर लांबच्या भेऱ्यांपर्यंत ते पोचत नाही.

त्यावर गाळ. मुख्य कालव्यात गाळ, भेऱ्यांकडे नेणाऱ्या पाटांत गाळ, भेऱ्यांच्या तळाशी गाळ. पाट उथळ झाला की तेवढंच पाणी न्यायला पातळी आणखी वर लागते. तळ वर आला की भेरीत पाणी कमी मावतं आणि ते कमी काळ टिकतं. मग पाणी कमी पडलेला मालक पंप लावतो, किंवा पोषण कमी पडलं म्हणून बाहेरून खाद्य आणतो. दोन्हीला पैसे लागतात. फुकट मैलापाण्यावर उभं असलेलं अर्थकारण तिथेच डळमळतं, आणि बिल्डरच्या निरोपाला उत्तर द्यायचा विचार मनात येतो. जमीन विकणाऱ्याला लोभी म्हणणं सोपं आहे. त्याच्या भेरीत किती पाणी येत होतं ते कुणी विचारत नाही.

यात खलनायक शोधून सापडणार नाही. पंपिंग स्टेशनं महापालिकेची, कालवे आणि दारं पाटबंधारे खात्याची, मासे मत्स्य खात्याच्या अखत्यारीत, जमीन काही सरकारी, काही सहकारी संस्थांची, बरीच खासगी, आणि हद्द सांभाळायला प्राधिकरण. प्रत्येक खातं आपलं काम करतं. पाटबंधारे खात्याचं यश पूर न येण्यात मोजलं जातं. भेरीत किती पाणी पोचलं हे त्याच्या कामात धरलेलं नाही. शहराच्या चयापचयाचा विचार करायचा तर खात्यांच्या कुंपणांपलीकडे वाहणाऱ्या गोष्टी मोजाव्या लागतात, आणि त्या मोजायची जबाबदारी नेमकी कुणाची, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

धातूंचा प्रश्न

भेरी मैला पचवते. धातू पचवत नाही. जिवाणू सेंद्रिय पदार्थ फोडतात, क्रोमियम फोडत नाहीत. कोलकात्याच्या पूर्वेला तांगरा, तोपसिया, तिलजला भागांत कातडी कमावणारे शेकडो कारखाने होते आणि त्यांचं क्रोमियमचं पाणी याच कालव्यांत येत असे. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तिथून हलवण्याचा आदेश दिला. नवी चर्मनगरी झाली ती बानतलालाच, पाणथळीच्या कडेला. फरक इतका की तिथे सामायिक प्रक्रिया केंद्राची सोय आहे. गाळात बसलेले जुने धातू आहेत तिथेच आहेत, म्हणून भेरीतला उपसलेला गाळ कुठे टाकायचा हा प्रश्नही साधा नाही. बांधावर टाकला तर पावसात परत आत, शेतात टाकला तर भाजीत जाण्याची भीती.

या पद्धतीची नक्कल करू पाहणाऱ्या शहराने इथे विशेष सावध असावं. घरगुती मैला आणि कारखान्यांचं पाणी एकाच गटारात असेल तर तळी काढण्याआधी ती दोन वेगळी करावी लागतील. शिवाय बारमाही ऊन, सपाट सखल जमीन आणि पाण्याचा रंग वाचणारी माणसं लागतात. पहिल्या दोन निसर्ग देतो. तिसरी पिढ्यांतून तयार होते आणि एका पिढीने धंदा सोडला की जाते.

काय करता येईल

पाणथळीला संरक्षित क्षेत्र म्हणून वागवण्याबरोबर तिला शहराची गटारव्यवस्था म्हणूनही वागवावं, असं माझं मत आहे. शब्द कमी शोभिवंत आहे, पण गटारव्यवस्थेला देखभालीचा निधी मिळतो. पाटांचा आणि कालव्यांचा गाळ काढणं हे सुशोभीकरणाच्या खात्यावर न जाता मैलापाणी प्रक्रियेच्या खर्चात यावं. यांत्रिक केंद्राला दर घनमीटरमागे जो चालवण्याचा खर्च आला असता, त्याचा एखादा अंश जरी भेऱ्यांच्या बांधबंदिस्तीला आणि गाळ उपसायला दिला, तरी माशावरचा भार हलका होईल. मासा एकट्याने शहराची सफाई पोसतोय ही परिस्थिती फार काळ टिकणारी नाही.

पातळीचं वेळापत्रक लिहून ठेवावं. कोरड्या महिन्यांत बानतलाला किमान किती पातळी, पावसाचा इशारा आला की किती वेळात किती खाली आणायची, पाऊस ओसरल्यावर पुन्हा वर कधी न्यायची. धरणांच्या दरवाजांना असं वेळापत्रक असतं आणि त्यावरून भांडणंही होतात; इथेही होतील. पण भांडायला निदान एक आकडा हवा. दाराची रोजची पातळी आणि भेऱ्यांत प्रत्यक्ष घेतलेलं पाणी या दोन नोंदी शेजारी शेजारी जाहीर झाल्या, तर कुठल्या वर्षी कुठल्या भागातल्या भेऱ्या कशाने बंद पडल्या हे तर्काने सांगावं लागणार नाही. तिसरी नोंद गाळातल्या धातूंची, दरवर्षी, त्याच त्याच ठिकाणांहून घेतलेली. हद्दीच्या नकाशाला या तिन्ही नोंदी कायद्याने जोडायला हव्यात, म्हणजे जमीन बदलली की जसा गुन्हा नोंदवता येतो तसा पाणी तोडलं की जाब विचारता येईल.